कोण मोडणार ते मला विचार

"कोण जिंकणार ते टीव्हीवाल्यांना विचार. कोण मोडणार ते मला विचार."

दर शुक्रवारी लंच ब्रेकला इनासभाऊ हे वाक्य फेकायचे आणि भाकरवडीचा पुडा दातांनी फोडायचे. वाक्य इंग्रजीत असायचं, कारण ते गॅरीसाठी असायचं. गॅरी आमचा फोर्कलिफ्टवाला, न्यूफाउंडलंडचा, स्वभावाने गरीब. त्याचा प्रश्न ठरलेला: "सो इग्नेशियस, हू इज विनिंग दिस वीकेंड?" त्यावर इनासभाऊंनी भडकायचं हेही ठरलेलं. एकाच प्रश्नावर दर आठवड्याला तितक्याच मनापासून भडकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचा कारखाना कॅनडातल्या केंब्रिजच्या कडेला होता. तिथे गाड्यांच्या सीटा बनायच्या. मी नागपूरची इंजिनियर, इकडे आल्यावर मिळाली ती क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी धरून बसलेले. दोन हजारचं दशक अर्धं सरलं होतं आणि मीही बरीचशी चिडलेलीच होते, त्यामुळे लंचरूममध्ये आमचं दोघांचं पटकन जमलं. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, फुटबॉल बघतेस काय? अमेरिकन?" मी नाही म्हटलं. "मग बस इथे," ते म्हणाले, आणि पायाने खुर्ची ओढली.

इनास लोपीस वसईचे. पन्नाशी ओलांडलेली, बुटके, खांदे मात्र दारात मावणार नाहीत असे. चालताना उजवा पाय किंचित बाहेर फेकायचे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते त्यांनी टेबलावर शिकवलं. भाकरवड्या म्हणजे चढाई करणारे, खारे दाणे म्हणजे पकड करणारे, एक काजू म्हणजे चेंडू. केचपच्या पाकिटांची मध्यरेषा. "ही कबड्डीच आहे, बाय. फक्त दम घालायचा नाही, हेल्मेट घालायचं." मग शनिवारच्या कॉलेजांच्या आणि रविवारच्या धंदेवाईक संघांच्या सामन्यांचा आढावा सुरू व्हायचा. संघांची नावं ते कधी घेत नसत. निळे, लाल, शेंदरी टोपीवाले, एवढंच. खेळाडूही नंबराने. पण त्या नंबराच्या माणसाचं सगळं त्यांना पाठ असायचं. लाल संघाचा बावीस नंबर गेल्या रविवारी उठताना हात जमिनीला टेकवून उठला. निळ्यांचा सात नंबर चेंडू फेकल्यावर खांदा हळूच फिरवून बघतो. "बघतो म्हणजे अजून जागेवर आहे का ते बघतो," इनासभाऊ म्हणायचे.

आढाव्याच्या शेवटी ते एक भाकरवडी उचलून बाजूला टिश्यू पेपरवर ठेवत. या आठवड्यात ज्याने अजिबात खेळू नये तो हा. ती भाकरवडी कोणी खायची नाही. गॅरीने एकदा चुकून तोंडात टाकली तर त्याच्याशी सोमवारपर्यंत अबोला.

नोव्हेंबर आला की सगळ्यांना चेव यायचा आणि इनासभाऊंचा पारा चढायचा. महिन्याच्या शेवटी शेजारशेजारच्या राज्यांची कॉलेजं एकमेकांना भिडतात, धंदेवाईक संघ बर्फात लोळत पुढच्या फेरीसाठी मरमर मरतात, आणि लंचरूमच्या टीव्हीवर सूट घातलेले चार जण 'बिग गेम, बिग गेम' करत असतात. "कसला बिग गेम!" इनासभाऊ टीव्हीला म्हणायचे. "सप्टेंबरात खेळ असतो. आता मैदानावर एक माणूस धड नाही. ज्याची कमी मोडतोड झालीय तो जिंकणार, ह्यात सांगायचं काय?" कॉलेजच्या पोरांवरून तर ते जास्तच पेटायचे. पोरांना अजून मिसरूड फुटतंय, पगार नाही, आणि गुडघे मात्र आयुष्यभर पुरवायचे. टीव्हीवर कोणी 'वॉरियर' म्हटलं की ते घास ठेवून उठायचे आणि आवाज बंद करायचे. रिमोट सापडला नाही तर वायर उपटायचे.

ते नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. ज्याला टिश्यूवर ठेवलं तो रविवारी हरणासारखा पळाला असं कितीदा तरी झालं. गॅरी सोमवारी दात काढायचा. इनासभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "पुढच्या वर्षी विचार." चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरीही तेच. त्यांची मुलगी शेरन शाळेत रग्बी खेळायची. ती जिना उतरायला लागली की हे खालून नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओरडत, "डावा पाय का ओढतेस?" आणि वरून उत्तर यायचं, "डॅड, इट्स माय स्लिपर!" बऱ्याचदा ती स्लिपरच असायची.

त्या जानेवारीत शेजारच्या वॉटर्लूला अभिजितच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे मॅच बघायला जमलो होतो. अभिजित पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मोठ्या हौशीने लोकांना बोलावणारा. त्याच्या बायकोने पावभाजी केली होती. सेमीफायनलसारखं काहीतरी होतं. दुपारचं ऊन, बाहेर कमरेएवढा बर्फ, आत तव्यावरच्या लोण्याचा वास. निळ्यांचा एक खेळाडू पकडीत सापडला, पडला, बराच वेळ उठला नाही. मग दोघांनी त्याला उभं केलं, त्याने हात वर केला आणि स्टेडियमबरोबर आमच्या खोलीतल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

इनासभाऊ उठून टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले. "टाळ्या कशाला? आं? तो उठला म्हणून? उठवलाय त्याला!"

"काका, बसा ना, दिसत नाहीये," अभिजित म्हणाला.

"काय बघायचंय तुला? त्याचा पाय बघ. संपला तो."

तो संपला नव्हता. शेवटच्या मिनिटांत त्यानेच चेंडू घेऊन अर्धं मैदान कापलं आणि मॅच जिंकून दिली. खोलीत नुसता जल्लोष. अभिजित हसत म्हणाला, "काका, तुमचा मोडका माणूस पळाला की!"

"पळाला," इनासभाऊ म्हणाले. "मी पण पळालो होतो." आणि अर्धी पावभाजी ताटात टाकून जॅकेट घालायला लागले. त्यांच्या बायकोने, मेरीवहिनींनी, अभिजितच्या बायकोची माफी मागितली, मी बुटांशी झटत त्यांच्या मागे धावले, कारण मला घरी तेच सोडणार होते.

गाडीत मेरीवहिनी पुढे, मी मागे. हायवेला लागलो. मग इनासभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघत सांगायला सुरुवात केली. मुंबईतल्या एका कंपनीने त्यांना कबड्डीसाठी नोकरी दिली होती. उजवा कोपरा सांभाळायचे. घोट्यात हात घातला की चढाईवाला सुटायचा नाही. मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात गुडघा फिरला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. क्रीडा अधिकारी म्हणवणारे साहेब मंडपाच्या मागे डॉक्टरला घेऊन आले. गुडघ्यात सुई. "साहेब म्हणाले, इनास, फक्त आजचा दिवस. आणि बाय, त्या सुईनंतर मला वाटलं पाय नवा बसवलाय. शेवटच्या चढाईला मी त्याला पकडून मातीत गाडला. लोकांनी खांद्यावर घेतला मला. खाली उतरवला तेव्हा पाय माझा नव्हताच."

शाल आणि नारळ साहेबांना मिळाला. ढाल ऑफिसच्या कपाटात गेली. पुढच्या वर्षी संघात दुसरा उजवा कोपरा आला आणि इनासभाऊंची बदली गोडाउनमध्ये झाली. मेरीवहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी हे पुष्कळदा ऐकलं असणार. मला इतका राग आला, की त्या साहेबांचं नाव काय, कुठे असतात, असं मी विचारायला लागले. "मेला तो," इनासभाऊ म्हणाले. "चांगला म्हातारा होऊन मेला. दोन्ही गुडघे शाबूत."

आता पिझ्झाबद्दल सांगते. त्याचा राग मला आजही येतो.

आमच्या कारखान्यात लाईनच्या तोंडाशी एक पांढरा बोर्ड होता. वर हिरवा क्रॉस, खाली 'अपघाताविना दिवस' आणि पुढे आकडा. आकडा आमचा फोरमन डग रोज सकाळी मार्करने बदलायचा. ठरलेला आकडा गाठला की सगळ्यांना पिझ्झा. कोणाला काही झालं आणि त्याची नोंद झाली की आकडा शून्यावर, पिझ्झा गेला, आणि त्या माणसाकडे सगळे असे बघणार जणू त्याने मुद्दाम हात चेचून घेतलाय. त्यामुळे लोक बँडेज बाहीत लपवायचे. वरच्यांना हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. डग तसा वाईट नव्हता. शाळेत फुटबॉल खेळताना त्याचं एक बोट मोडून वाकडं बसलं होतं, ते तो नव्या माणसांना कौतुकाने दाखवायचा. पट्टी बांधून मॅच पूर्ण केली म्हणायचा. इनासभाऊ त्या बोटाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

पुढच्या नोव्हेंबरात ओव्हरटाइमचा सपाटा लागला. ख्रिसमसच्या बंदीआधी सीटांचा ढीग हवा होता. दोन माणसं सोडून गेली होती, त्यांचं काम उरलेल्यांवर. आमच्या लाईनवर गुरमीत होता. तिशी ओलांडलेला, जालंधरकडचा, घरी दोन लहान मुलं. एजन्सीतर्फे टेम्प म्हणून लागलेला आणि पर्मनंट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आलेला. त्याचं काम फोमवर कव्हर ओढून चढवायचं. बघायला सोपं, पण प्रत्येक सीटला खांद्यातून झटका मारून ओढावं लागतं, आणि थंडीत कव्हर आणखी ताठ होतं.

एका शुक्रवारी निळ्यांचा आढावा चालला असताना इनासभाऊ मध्येच थांबले. गुरमीत पलीकडच्या टेबलावर डाव्या हाताने पराठा तोडत होता. "काय पाहून राहिले, भाऊ?" मी विचारलं. ते म्हणाले, "सात नंबर." मला वाटलं टीव्हीवर काहीतरी आहे. पुढचे काही दिवस ते लाईनवर मान वळवून वळवून गुरमीतकडे बघत होते. गुरमीत सीट झाली की खांदा हळूच फिरवून बघायचा. एकदा मी त्यांना डगशी बोलताना पाहिलं. गुरमीतला देत होता त्या दुखणं थांबवायच्या गोळ्यांची बाटली डगने खिशातून काढून दाखवली आणि खांदे उडवले. "ही सेज ही इज फाइन. शटडाऊनपर्यंत ओढेल तो," असं डगचं म्हणणं होतं.

मंगळवारी सकाळी इनासभाऊंनी पिवळी दोरी ओढली.

ही दोरी लाईन थांबवायची. सीट खराब निघाली तरच ओढायची असा नियम. ती ओढली की सगळं थांबतं आणि वर एक खेळण्यातल्यासारखी धून वाजत राहते. सीटा घेऊन जाणारे ट्रक ठरल्या वेळेला निघाले नाहीत तर पलीकडे गाड्या जोडणारी लाईन अडते, म्हणून त्या धुनेने भल्याभल्यांना घाम फुटायचा. डग धावत आला. "व्हॉट्स राँग विथ द सीट?"

"नथिंग राँग विथ द सीट," इनासभाऊ म्हणाले. "हिज शोल्डर इज राँग. टेक हिम आऊट."

सगळे गुरमीतकडे बघायला लागले. तो हसला. "नो, नो, बॉस. आय अ‍ॅम फाइन." आणि सिद्ध करायला त्याने उजवा हात कानापर्यंत वर उचलून दाखवला. तोंडावर हसू तसंच. मी जवळच होते. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आलेले मला दिसले, आणि बाहेर उणे तापमान होतं. डगने हात झटकले, धून बंद केली, लाईन सुरू केली आणि इनासभाऊंना ऑफिसात नेलं. विनाकारण लाईन थांबवल्याबद्दल लेखी वॉर्निंग मिळाली. पुन्हा असं केलं तर घरी बसावं लागेल हेही सांगितलं गेलं.

संध्याकाळी मी इनासभाऊंबरोबर घरी निघाले होते, तेव्हा पार्किंगमध्ये गुरमीत त्यांच्या गाडीपाशी आला. "अंकल जी, मेरी परमानेंट की बात चल रही है। आप कौन होते हो?"  गुरमीत निघून गेला. गाडीत बसल्यावर इनासभाऊंनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. मला वाटलं गुरमीतवर चिडलेत.

"त्याचं बरोबर आहे, बाय," ते म्हणाले. "मी पण साहेबांना हेच सांगितलं होतं. मला काही झालं नाही म्हणून. त्या दिवशी कोणी माझ्यासाठी दोरी ओढली असती ना, मी त्याचा गळा धरला असता."

"मग तुम्ही कशाला ओढली?"

"मग काय टाळ्या वाजवू?" ते माझ्यावरच ओरडले.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. गुरमीतच्या खांद्याचा स्नायू फाटलेला निघाला. वेळेवर ऑपरेशन झालं, पण ख्रिसमसनंतर एजन्सीने त्याला बोलावलं नाही. पर्मनंट तो झालाच नाही. आता ब्रॅम्प्टनला स्कूल बस चालवतो, दोन्ही हातांनी. इनासभाऊंना दुपारच्या शिफ्टला टाकलं, त्यामुळे शुक्रवारचा आढावा बंद पडला. मला पार पश्चिम किनाऱ्यावर बर्नाबीला माझ्या शिक्षणाला शोभेलशी नोकरी लागली आणि मी केंब्रिज सोडलं. हल्ली टीव्हीवर तेच सूटवाले गंभीर चेहऱ्याने खेळाडूंच्या डोक्यांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलतात. कोणी खेळू नये, कोणी बाहेर बसावं. आम्हाला ह्याची फार काळजी, म्हणतात. मला त्यांच्या टायची गाठ आवळावीशी वाटते. एका भाकरवडीवरून हे सगळं सांगणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर वायर उपटत होता, तेव्हा तुम्ही काय करत होतात?

त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी बोर्डावरचा आकडा पुरा झाला. लंचरूममध्ये पिझ्झाचे खोके आले. डगने छोटं भाषण केलं, ग्रेट टीम, ग्रेट इयर, आणि टाळ्या झाल्या. सगळे खोक्यांपाशी रांगेत. आमच्या टेबलावर कोणी येईना, गॅरीसुद्धा नाही. तो दुरून नुसती टोपी नीट करत होता. इनासभाऊंनी नेहमीसारखा पुडा दातांनी फोडला. भाकरवड्या मांडल्या, दाणे मांडले, काजू ठेवला. त्या रविवारी निळ्यांचा आणि लालांचा सामना होता. त्यांनी एकट्या मला सगळं सांगितलं, पण टिश्यूवर काही ठेवलं नाही. टिश्यू कोरा.

गुरमीत रांगेतून बाहेर आला. कागदी प्लेट त्याने उजव्या हातात धरली होती आणि डावा हात खाली लावून तो उजव्याला आधार देत होता. तो आमच्या टेबलाशी आला. त्याने भाकरवड्यांवरून नजर फिरवली.

"अंकल जी," तो म्हणाला, "इस हफ्ते बाहर कौन?"

इनासभाऊंनी कोऱ्या टिश्यूवर बोट ठेवलं. "तू."

गुरमीतने मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून. त्याचे डोळे भरले होते. इनासभाऊ उठले, त्याच्या हातातली प्लेट घेतली आणि दोघं बाहेर पडले. मी मागे गेले. माझ्या मागून आणखी काही जण आले, हातात पिझ्झाचे तुकडे घेऊन. बोर्डापाशी थांबून इनासभाऊंनी शर्टच्या बाहीने आकडा पुसला. गुरमीतने डाव्या हाताने मार्कर घेतला आणि वेडंवाकडं शून्य काढलं.

"हे!" मागून डग ओरडला. "हे, यू गाइज!"

इनासभाऊ वळले, हातातली प्लेट त्याच्या छातीशी धरली आणि म्हणाले, "ईट." डगने ती घेतली. त्याला दुसरं सुचलंच नाही.

मग ते फर्स्ट एडच्या खोलीकडे निघाले. उजवा पाय बाहेर फेकत इनासभाऊ, आणि त्यांच्या बाजूने खांदा पाडून गुरमीत. दारापाशी गुरमीत सवयीने पुढे झाला आणि दार ढकलायला त्याने उजवा हात वर उचलला. त्याबरोबर इनासभाऊ त्याच्यावर खेकसले, अख्ख्या लाईनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि त्याला कळत नसलेल्या मराठीत:

"हात खाली ठेव!"

गुरमीतने हात खाली घेतला. दार इनासभाऊंनी उघडलं.